जाकीट कुणाच्या अंगावर होतं

९ फेब्रुवारी

तुला,

‘प्रिय’ लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून नुसतं ‘तुला’.

आधी आभार मानतो. ‘फोन करू नकोस, काय असेल ते लिहून पाठव, पत्रात आवाज चढवता येत नाही,’ असं तू म्हणालीस तेव्हा मी फोन भिंतीवर फेकला होता. भिंतीचा पोपडा निघाला, फोन शाबूत. आता मात्र तुझं म्हणणं पटतंय. रागाचा शब्द कागदावर पुरा होईपर्यंत राग निम्मा होतो. उरलेला निम्मा तुझा पत्ता लिहिताना जातो.

बातमी अशी की माझ्या बॅजचा रिपोर्ट आला आणि तो वाईट आलाय.

बॅज म्हणजे काय हे तुला सांगायला नको. तू बॅज लावणाऱ्या बाबांच्या घरात वाढलीस. पण मी नवशिका, मला सांगायची हौस. छातीला लावायची इवलीशी डबी. आपल्याला किरणं किती लागली ते ती मुकाट्याने साठवते आणि तीन महिन्यांनी सरकारी तपासणीला जाऊन सगळं ओकते. माझ्या डबीने यंदा जे ओकलं ते दहा वर्षांत मिळून चालेल एवढं आहे. दहा वर्षांचं तीन महिन्यांत. कॉलेजात माझा कुठलाच अभ्यास कधी वेळेआधी पुरा झाला नव्हता.

कुठे लागलं असेल याचा विचार केला. डिसेंबरात एका संध्याकाळी सोर्स अडकला होता. मोठ्या पाइपच्या वेल्डिंगचे किरणांनी फोटो घेत होतो. सोर्स, म्हणजे ती करंगळीच्या पेराएवढी गोळी, कॅमेऱ्यातून नळीतून पुढे गेली आणि परत येईना. हँडल मी फिरवत होतो. तुझे बाबा म्हणाले, ‘बाजूला हो. पलीकडे दोरी धरून उभा राहा, कुणाला आत सोडू नकोस.’ मग ते आत गेले आणि सोर्स परत आणला. मी दोन मिनिटं हँडलपाशी उगाच खटपट केली होती, तेव्हाच मिळालं असणार. गंमत म्हणजे आत गेले ते आणि त्यांच्या बॅजवर जवळजवळ काहीच नाही. अनुभव म्हणतात तो हा.

ते सध्या माझे उस्ताद आहेत हे तुला रुचत नाही, ठाऊक आहे. पण त्यात माझा काय दोष? तुला मागायला म्हणून तुमच्या दारात उभा राहिलो. तू आदल्याच दिवशी गाव सोडून गेली होतीस. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘वजन उचलता येतं का?’ मुलगी मागायला गेलो आणि नोकरी घेऊन परतलो, असा मी एकटाच असेन.

रिपोर्ट त्यांनी पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘तुला काही झालेलं नाही,’ म्हणाले.

‘काका, आकडा बघा की.’

‘वाचता येतं मला. रक्त देऊन ये. रक्त खोटं बोलत नाही.’

आणि खरं सांगू? आकडा पाहिल्यावर माझ्या मनात भीती आलीच नाही. मनात आलं, आता ती येईल.

— मी


१३ फेब्रुवारी

तुला,

रक्त देऊन आलो. हिरव्या टोपणाच्या दोन नळ्या. तू विचारणार नाहीस, तरी सांगतो, दुखलं नाही.

ती प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्यात फिनाइलचा वास, दारावर ‘चपला बाहेर’. तिथल्या बाई साधारण माझ्या मावशीच्या वयाच्या. मी आत गेलो आणि गेल्या गेल्या भांडायला लागलो, की कंपनीने मला असं केलं, आता माझं काय होणार, तुम्ही खरं सांगणार की कंपनी सांगेल ते? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘झालं? बाही वर कर.’

नंतर मात्र त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या दोन दिवस उबेत ठेवतात, म्हणजे पेशी वाढायला लागतात. ऐन दुभंगायच्या वेळी औषध घालून थांबवतात. त्या घडीला पेशीतली गुणसूत्रं आखडून जाड झालेली असतात, एकेक वेगळं दिसतं. मग काचेवर थेंब, रंग, आणि सूक्ष्मदर्शक. पडद्यावर त्यांनी कुणा दुसऱ्याची एक पेशी दाखवली. पसरलेल्या काड्याच जणू. प्रत्येक काडीला मध्ये कुठेतरी एक चिमटा, एक कंबर.

‘किरण लागला की काडी तुटते,’ बाई म्हणाल्या. ‘पेशी बिचारी लगेच जोडायला घेते. घाईत कधी भलतीच टोकं जोडली जातात. हिचं टोक तिला. मग असं होतं.’ त्यांनी काठीने एक काडी दाखवली. लांबलचक, आणि तिला दोन कंबरा.

‘अशा किती निघतात त्यावरून किती लागलं ते कळतं. हजार पेशी बघायच्या. एखादी तर कुणाच्याही रक्तात सापडते.’

‘हजार? सगळ्या तुम्ही?’

‘निम्म्या मी, निम्म्या माझी सहकारी. मला किती सापडल्या ते तिला सांगत नाही, तिच्या मी विचारत नाही. काचेवर नावही नसतं, नुसता नंबर. ओळखीचं माणूस असलं की डोळे हवं ते बघतात.’

मला तू आठवलीस. मी भांडखोर आहे हे आधी ठरवून तू माझ्याकडे बघतेस, असं मी तुला म्हणालो होतो. तू म्हणालीस, ‘बरं, मग नाव झाकून बघते,’ आणि डोळे मिटून घेतलेस. आपलं बरं चाललं होतं तेव्हाची गोष्ट.

जाता जाता बाई म्हणाल्या, धडधाकट पेशीत काड्यांच्या तेवीस जोड्या असतात. एकही सुटी नाही. त्या अख्ख्या मजल्यावर सुटा असा मीच.

निकालाला दोन आठवडे लागतील. ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं अशा दोन बायका माझ्यासाठी हजार वेळा डोळे बारीक करणार आहेत. घरी येईपर्यंत हेच डोक्यात होतं. कॉलेज सोडल्यापासून माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी पाहिलेलं नाही.

— मी


२८ फेब्रुवारी

तुला,

मी ठणठणीत आहे.

हजार पेशींत दोन कंबरांची एक निघाली. एकच. बाई म्हणाल्या, तेवढी तर शाळेत मधल्या सुटीत डबा खाणाऱ्या पोराच्या रक्तातही निघेल. मी त्यांचे हात धरले. मग काय करावं ते सुचेना म्हणून सोडले.

लाज वाटते, पण तुला सांगतो. जिना उतरताना थोडा हिरमुसलोही. आता तू यायचं कारण उरलं नाही. तीन पायऱ्यांनंतर मात्र पायांत जोर आला आणि मी धावत रस्त्यावर आलो. दुकानांचे फलक, फुटपाथवर झोपलेलं कुत्रं, सायकलची घंटी, सगळ्यांचे उपकार वाटत होते.

पण बाईंनी मला दारातून परत बोलावलं होतं. म्हणाल्या, ‘एक लक्षात घे. डबीने पाहिलं ते खोटं नाही. तिला लागलंय, तुला लागलेलं नाही. याचा अर्थ एक तर डबी एकटीच सोर्सजवळ राहिली, नाहीतर त्या वेळी ती दुसऱ्या कुणाच्या अंगावर होती. दुसरं असेल तर त्या माणसाला माझ्याकडे पाठव. भांडत आला तरी चालेल.’

बसमध्ये बसलो आणि आठवलं. माझा बॅज जाकिटाच्या आतल्या खिशाला लावलेला असतो. सोर्स अडकला त्या संध्याकाळी हँडल मारून मारून मला घाम फुटला होता. जाकीट काढून मी केबलच्या रिळावर टाकलं. दोरी धरून उभा होतो तेव्हा थंडी वाजत होती, म्हणजे ते माझ्याजवळ नव्हतं.

पुढचं उद्या विचारून सांगतो.

— मी


८ मार्च

तुला,

तुझं कार्ड मिळालं.

सात महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. ‘जाकीट कुणी घातलं होतं?’ बस, एवढंच. खाली सही नाही, कसा आहेस नाही. तरी मी ते कार्ड वहीत, उशाखाली आणि परत खिशात असं सगळीकडे ठेवून पाहिलं. ‘कुणी’ मधल्या ‘णी’ची वेलांटी तू अजून छत्रीच्या मुठीसारखी काढतेस.

आणि मला उत्तर देता येत नाही. शब्द दिलाय. कुणाला दिला हे सांगितलं तरी उत्तर दिल्यासारखंच होईल, म्हणून तेही सांगत नाही. इतके दिवस वाट पाहिली, आणि तुझा एक प्रश्न आला तर तोंडाला कुलूप. माझ्यावर हसायचं असेल तर हस, निदान त्या निमित्ताने हसशील.

एवढंच सांगतो, की ज्याने घातलं होतं त्याचं रक्त परवा दिलंय. मी स्वतः घेऊन गेलो. आकडा यायचाय. तोवर थांब. मीही थांबलोय, आणि थांबणं मला किती जमतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

— मी


२३ मार्च

तुला,

आता उत्तर देतो. जाकीट तुझ्या बाबांनी घातलं होतं.

आधी शेवट सांगतो, म्हणजे मधलं वाचताना तुझा जीव खालीवर होणार नाही. ते बरे आहेत. आत्ता समोर बसून नखं कापतायत आणि एकेक नख कुठे उडालं ते शोधतायत. आता पहिल्यापासून.

प्रयोगशाळेतून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टोअरमध्ये गाठलं. सगळी साइट त्यांना ‘मीटरकाका’ म्हणते, तुला माहीतच आहे. हातात किरणं मोजायचा मीटर असल्याशिवाय ते कॅमेऱ्याकडे कुणाला बघूही देत नाहीत. मी विचारलं, ‘काका, त्या दिवशी माझं जाकीट तुम्ही घातलं होतं?’

ते म्हणाले, ‘थंडी होती.’

‘आणि तुमचा बॅज?’

त्यांनी कपाटाकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं. जुन्या लोकांची ही पद्धत आहे म्हणे. वर्ष संपत आलं आणि आकडा मर्यादेच्या काठावर आला, की बॅज कपाटात ठेवून कामावर जायचं. आकडा ओलांडला तर सोर्सवरून उठवतात आणि ऑफिसात बसवतात. आम्हा पोरांना बॅजवरून शिव्या घालणारा हा माणूस स्वतः डिसेंबरभर बिनबॅजचा फिरत होता. आणि नेमकी त्याच दिवशी त्यांना थंडी वाजली. स्वतःची डबी कपाटात कुलूप लावून ठेवली आणि माझी छातीला लावून आत गेले. नळी पिचली होती. शिशाच्या पिशव्या टाकून, लांब चिमट्याने ती सरळ करेपर्यंत ते तिथेच होते. दोन मिनिटं नव्हे, बराच वेळ. मी दोरीपाशी उभा राहून एका ट्रकवाल्याशी भांडत होतो, त्यामुळे मला वेळेचा पत्ता नाही.

माझा तोल गेला. तू असतीस तर कानावर हात ठेवले असतेस. मी म्हणालो, ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्याऐवजी आत जायला? हँडल माझ्या हातात होतं. काम माझं होतं. मला विचारलंत?’

‘तुझं वय काय, माझं वय काय.’

‘मग रिपोर्ट आला तेव्हा का गप्प बसलात? तीन आठवडे मी स्वतःला अर्धा मेलेला समजत होतो.’

‘म्हणत नव्हतो का, तुला काही झालेलं नाही? रक्त दे म्हणून कुणी पाठवलं तुला? त्याच्या आधी बोललो असतो तर तू त्याच दिवशी तिला चार पानं लिहिली असतीस.’

‘लिहिली असती. तुम्ही सगळं परस्पर ठरवता. समोरचं माणूस म्हणजे काय दगड आहे? माझ्या वाटचं मला का नाही घेऊ दिलंत?’

आणि हे बोलून मी थांबलो. कारण हे वाक्य माझं नव्हतं. तुझं होतं. तोंडी परीक्षेत सर तुला नको ते बोलले. तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस, आणि मी दारातून आत घुसून टेबल उलटं केलं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, ‘माझ्या वाटचं भांडण मला का नाही भांडू दिलंस?’ मला वाटलं होतं तू आभार मानशील. महिनाभर मी तुला कृतघ्न म्हणत होतो. तुझ्या बाबांपुढे उभा राहिलो तेव्हा कळलं, की कुणी आपल्यावरचं परस्पर स्वतःवर घेतलं की आधी किती राग येतो. त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. तुला त्या दिवशी मला नुसतं हलवावंसं वाटलं असेल, कारण माझ्या बाबतीत पाया पडण्यासारखं काही नव्हतं. टेबल उलटायला धोका कसला.

रक्त द्यायला ते चार-पाच दिवस तयार होईनात. ‘आता कळून काय उपयोग?’ म्हणायचे. शेवटी मी म्हणालो, ‘मग मी तिला आत्ता लिहितो.’ यावर ते शर्टाची बटणं लावायला लागले. अट एकच, आकडा येईपर्यंत तुला कळता कामा नये. मी शब्द दिला. प्रयोगशाळेत निघताना छातीला बॅज लावून आले. म्हटलं, ‘आता कशाला?’ तर म्हणाले, ‘बाई रागावतील.’ बाई रागावल्याच, पण बॅजवरून नाही. ‘दोन महिने कुठे होतात?’ म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाबांना खाली मान घालून बसलेलं पाहिलं.

मग तुझं कार्ड आलं. रविवारी तू त्यांना फोनवर तेच विचारलंस. ते म्हणाले, ‘कुणी वेल्डर होता, बरा आहे तो.’ मी शेजारीच बसलो होतो. फोन ठेवल्यावर मी कार्ड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ओरडलो नाही. खरंच नाही. म्हटलं, ‘काका, ती माझ्याशी सात महिन्यांनी बोलली. शब्द दिलाय म्हणून गप्प राहीन. पण तुमच्यासाठी तिच्याशी खोटं बोलणार नाही.’

त्यांनी कार्ड बराच वेळ हातात धरलं. ‘शाई सांडते अजून हिची,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘आकडा येऊ दे. मग तूच लिही. सगळं लिही.’

तो काल आला. हजारात चौदा.

बाईंनी आम्हा दोघांनाही खुर्ची दिली. म्हणाल्या, डबीने जे सांगितलं होतं ते आणि रक्ताने सांगितलं ते जवळजवळ एकच आहे. आजारी पडण्याइतकं नाही. पुढे कधीतरी काही होण्याची शक्यता थोडी वाढली, या वयात थोडीच. सगळ्यांत जवळ हात होते म्हणून हातांची कातडी बारकाईने पाहिली, ती चांगली आहे. अधूनमधून दाखवायला यायचं. आणि सोर्सजवळ पुन्हा जायचं नाही.

त्यांनी पडद्यावर त्या चौदांपैकी एक दाखवली. बाबा पुढे वाकून बघत राहिले. ‘माझी एकच आहे तरी रात्रभर ठणकते,’ म्हणाले, ‘हिला दोन. हिचं काय होत असेल?’ बाई हसल्या. मग मीही हसलो, आणि मग मला जरा बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. त्या चौदा काड्या माझ्या रक्तात असायच्या होत्या. कुणाच्या रक्तात माझ्यासाठी काही आहे, असं मी आजवर फक्त तुझ्या बाबतीत म्हणायचो, आणि तेही उगाच, बोलायला बरं वाटतं म्हणून.

आज सकाळी त्यांनी सेफ्टी ऑफिसरला सगळं स्वतः सांगितलं, कपाटासकट. बोलणी खाल्ली. आता ते डार्करूममध्ये बसून फिल्म तपासणार. त्यांनी सोर्सवरून उठावं हे तुला हवं होतं, तेच झालं, फक्त वाटेने नको तेवढं घेऊन आले. नंतर साइट सुरू व्हायच्या वेळी गेटवर उभे राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर टिचकी मारली. बॅज नसला तर परत पाठवलं. जुने लोक आधी कुरकुरले. मग एकेकजण कपाट उघडायला गेला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी मला विचारलं, ‘हे वाचून ती येईल का रे?’

‘येईल’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. तुझ्या वतीने बोलायची मला किती सवय आहे ते तुला माहीत आहे. पण मी घास गिळला आणि म्हणालो, ‘मला काय विचारता? तिला विचारा.’

त्यांनी ताट धुऊन ठेवलं, नखं कापून झाली. आता हात पुढे करून पेन मागतायत. म्हणतायत, तुझं झालं असेल तर खालची जागा मला सोड.

देतो.